बंदूक मिळते, दारू मिळत नाही : ठासणीच्या नेमबाजीचा खर्च देशागणिक का बदलतो?

सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या 'गोएक्स' या कारखान्यात होणारे बंदुकीच्या काळ्या दारूचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय त्याच्या मालक कंपनीने, म्हणजे हॉजडनने, जाहीर केला. बातमी एका कारखान्याची होती. परंतु ठासणीच्या बंदुकीने नेमबाजी करणाऱ्यांना ती गावाची एकुलती एक विहीर आटल्यासारखी वाटली. पुढच्या वर्षी छंदासाठीची छोटी रॉकेट बनवणाऱ्या एस्टीज कंपनीच्या समूहाने तो कारखाना विकत घेतला आणि ही दारू पुन्हा बाजारात आली. मधल्या काळात मात्र एक प्रश्न अनेकांना पडला. एवढी जुनी, शेकडो वर्षे माहीत असलेली आणि अगदी साध्या घटकांची ही वस्तू इतकी दुर्मिळ का असावी? आणि एका देशात ती दुकानात सहज मिळत असताना दुसऱ्या देशात तिच्यासाठी शिक्षणवर्ग, परीक्षा आणि पोलिसांचा दाखला का लागावा?

या प्रश्नाचे उत्तर दारूच्या घटकांत फारसे सापडत नाही. ते सापडते ती कारखान्यातून निघून नेमबाजाच्या हाती पडेपर्यंतच्या वाटेवर, आणि ही वाट प्रत्येक देशात निराळी आहे.

एका बाराला काय काय लागते?

जिच्या नळीच्या तोंडातून आधी दारू आणि मग गोळी आत घालून ती गजाने ठासावी लागते, ती ठासणीची बंदूक. तिला तयार काडतूस लागत नाही. काडतुसात कारखान्याने एकत्र बांधलेल्या गोष्टी इथे नेमबाज प्रत्येक बाराच्या वेळी स्वतःच्या हाताने एकत्र आणतो. त्यामुळे त्याला या गोष्टी सुट्या विकत घ्याव्या लागतात आणि प्रत्येकीचा बाजार वेगळा असतो.

पहिली गोष्ट काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे दाणेदार मिश्रण. या लेखात यापुढे नुसते 'दारू' म्हटले की हीच समजावी. दाण्याच्या आकारानुसार तिच्यावर एक ते चार एफ अक्षरे छापलेली असतात; जितकी अक्षरे अधिक, तितका दाणा बारीक. दुसरी गोष्ट शिशाची गोळी आणि तिच्याभोवती गुंडाळायची कापडी चिंधी. तिसरी गोष्ट ठिणगी. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते आणि ती बाहेरच्या छोट्या वाटीतली बारीक दारू, म्हणजे रंजक, पेटवते. एकोणिसाव्या शतकात आलेल्या टोपीच्या बंदुकीत हे काम तांब्याची चिमुकली टोपी करते. तिच्यात आघाताने पेटणारे रसायन भरलेले असते.

दारूचे माप 'ग्रेन' या एककात घेतात. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ७,००० ग्रेन असतात. एखाद्या रायफलीत एका बाराला ७० ग्रेन दारू लागत असेल, तर पौंडाच्या डब्यातून बरोबर १०० बार निघतात. पिस्तुलाला २५ ग्रेन पुरत असतील, तर तोच डबा २८० बारांपर्यंत जातो. खर्चाची देशोदेशीची तुलना करताना हा साधा भागाकार विसरला जातो. डब्याची किंमत सगळे सांगतात, बाराची किंमत क्वचितच कोणी सांगतो.

दारूला इतका कडक वर्ग का?

धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेली वर्गवारी जगभर पायाभूत मानली जाते. तिच्यात पहिला वर्ग स्फोटकांचा असून त्याचे उपवर्ग आहेत. काळी दारू १.१ या सर्वांत कडक उपवर्गात मोडते. या उपवर्गाचा अर्थ असा, की एका ठिकाणी ठेवलेला सगळा साठा जवळजवळ एकाच क्षणी स्फोट पावू शकतो. आधुनिक बंदुकांत वापरली जाणारी धूरविरहित दारू सहसा १.३ किंवा १.४ मध्ये येते, कारण उघड्यावर ती जोराने जळते, पण साठाच्या साठा एका दणक्यात उडण्याचा संभव तिच्या बाबतीत कमी मानला जातो.

वाचकाला हे उलटे वाटेल, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. बंदुकीच्या नळीत आधुनिक दारू कितीतरी अधिक दाब निर्माण करते. मग जुनी दारू अधिक धोकादायक कशी? याचे कारण असे, की नळीतले बळ आणि साठवणीतला धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कठीण लाकडाचा मोठा ओंडका भरपूर उष्णता देतो, पण तो पेटवायला कष्ट पडतात. वाळलेल्या गवताची गंजी एका ठिणगीने क्षणात भडकते. काळी दारू गवताच्या गंजीसारखी आहे. ती बारीकशा ठिणगीने पेटते, आणि नेमक्या याच गुणामुळे चकमकीची बंदूक चालते. जो गुण नेमबाजाला हवा आहे, तोच वाहतूकदाराला नको आहे.

विमानाने तर तिला पाठवताच येत नाही. प्रवासी आणि मालवाहू अशा दोन्ही प्रकारच्या विमानांत दाणेदार काळ्या दारूला बंदी आहे. समुद्र पार करायचा असेल तर जहाज हाच मार्ग उरतो, आणि त्यावरही स्फोटके म्हणून वेगळी जागा, वेगळी कागदपत्रे आणि वेगळे भाडे लागते. ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या देशात युरोपातून आलेल्या डब्याच्या किमतीत हा सगळा प्रवास मिसळलेला असतो.

डब्याची किंमत आणि डबा घरी येण्याची किंमत

अमेरिकेत दारू घरपोच मागवता येते, परंतु टपाल खाते ती स्वीकारत नाही. खासगी वाहतूकदार ती फक्त जमिनीवरून नेतात आणि प्रत्येक पार्सलवर धोकादायक मालाचे ठरावीक शुल्क लावतात. पार्सलमध्ये एक डबा असो की अनेक, शुल्क तेच राहते. एकट्याने आख्खी बस भाड्याने घेतली काय आणि पन्नास जणांनी मिळून घेतली काय, बसचे भाडे बदलत नाही. माणशी वाटा तेवढा बदलतो.

हिशोबासाठी असे धरू, की डबा ३० डॉलरचा आहे आणि शुल्कही ३० डॉलर आहे. एकच डबा मागवला तर तो ६० डॉलरला पडतो आणि ७० ग्रेनच्या हिशोबाने एका बाराची दारू ६० सेंटची होते. दहा डबे एकत्र मागवले तर एकूण ३३० डॉलर, म्हणजे डबा ३३ डॉलरला आणि बार ३३ सेंटला. दारू तीच, कारखाना तोच, खर्च मात्र जवळपास निम्मा. म्हणूनच तिथले नेमबाजी क्लब एकत्र खरेदी करतात. एकट्याने, वर्षातून दोनदा मैदानावर जाणाऱ्या हौशी माणसाला हा छंद सर्वांत महाग पडतो, आणि नव्या माणसाने या क्रीडेत यावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी या गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे.

कारखाने मोजके का?

नेमबाजांना लागणाऱ्या दर्जाची दारू बनवणारे कारखाने पाश्चात्त्य जगात बोटांवर मोजता येतील इतके आहेत. स्वित्झर्लंडमध्ये ओबोन येथील गिरणीची दारू 'स्विस' याच नावाने विकली जाते आणि अचूक नेमबाजीत तिला मोठा मान आहे. जर्मनीत वानो, चेक प्रजासत्ताकात पार्दुबिसे येथील एक्सप्लोसिया आणि अमेरिकेत गोएक्स ही आणखी काही नावे. यांपैकी एक जरी थांबला तरी बाकीच्यांवर ताण येतो, कारण नवा कारखाना उभारायचा तर वस्तीपासून दूर, एकमेकींपासून लांब बांधलेल्या इमारती, परवानग्या आणि विमा हे सारे नव्याने जमवावे लागते.

शिवाय नेमबाज हे या कारखान्यांचे एकमेव गिऱ्हाईक नाही. लष्करी तोफांच्या भारात आतली मुख्य दारू पेटवण्यासाठी काळी दारू वापरली जाते. शोभेची दारू आणि छंदासाठीची रॉकेट यांनाही ती लागते. नेमबाजाला हवा असतो एकसारखा, घासून गुळगुळीत केलेला, चाळून निवडलेला दाणा, आणि असा माल बनवायला वेळ व मेहनत अधिक लागते. स्विस दारू महाग असण्याचे कारण यातच आहे. तिच्यामुळे नळीत काजळी कमी साचते, प्रत्येक बाराचा वेग सारखा राहतो. ज्याला निशाणावर दहापैकी दहा गोळ्या एका मुठीएवढ्या जागेत हव्या आहेत, त्याला ही किंमत योग्य वाटते.

कायद्याची नजर बंदुकीवर की दारूवर?

देशांमधला खरा फरक इथे आहे, आणि तो समजला की बाकीची बरीच कोडी सुटतात.

अमेरिकेत १९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्याने ठासणीच्या बहुतेक बंदुकांना, त्यांच्या नव्या प्रतिकृतींनाही, संघराज्याच्या पातळीवर 'जुनी शस्त्रे' मानून सामान्य शस्त्रांच्या नियमांतून वगळले आहे. दारूच्या बाबतीतही सवलत आहे : अशा जुन्या शस्त्रांत केवळ क्रीडा, मनोरंजन किंवा सांस्कृतिक कारणासाठी वापरायची असेल, तर ५० पौंडांपर्यंत कारखान्यात बनलेली दारू घेण्यास ग्राहकाला संघराज्याचा स्फोटक परवाना लागत नाही. मात्र विकणाऱ्या दुकानदाराला तो लागतो, आणि त्यासोबत साठवणुकीचे नियम येतात. त्यामुळे ग्राहक मोकळा असूनही जवळच्या दुकानात दारू नसते, कारण दुकानदाराला हा खटाटोप परवडत नाही. कागदावरची सवलत आणि फळीवरचा डबा यांत एवढे अंतर असू शकते. त्यात राज्यांचे आणि शहरांचे नियम आणखी वेगळे.

जर्मनीत चित्र जवळजवळ उलटे आहे. १ जानेवारी १८७१ पूर्वी विकसित झालेल्या नमुन्याची, एका वेळी एकच बार टाकणारी टोपीची बंदूक प्रौढ व्यक्तीला शस्त्र परवान्याविना विकत घेता येते. दारू मात्र स्फोटक कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाखालच्या परवानगीशिवाय मिळत नाही. त्यासाठी शिक्षणवर्ग, परीक्षा आणि विश्वासार्हतेची चौकशी यांतून जावे लागते, आणि ठरावीक वर्षांनी परवानगीचे नूतनीकरण करावे लागते. भिंतीवर बंदूक आहे आणि तिच्यात घालायला काही नाही, ही स्थिती तिथे कायद्यानेच शक्य केली आहे.

ब्रिटनमध्ये कायद्याची नजर दोन्हींवर आहे. १९६८ च्या शस्त्र कायद्यानुसार जुनी बंदूक केवळ कुतूहलाची वा शोभेची वस्तू म्हणून ठेवली तर परवान्यातून सूट मिळते. पण तीच चालवायची ठरवली की प्रमाणपत्र आवश्यक होते. दारू बाळगण्यासाठी याखेरीज पोलिसांकडून स्फोटक प्रमाणपत्र घ्यावे लागते. ती घरी कप्पे पाडलेल्या लाकडी पेटीत ठेवण्याची पद्धत आहे, आणि यामागचे कारण मला सांगण्यासारखे वाटते. दारू उघड्यावर भसकन जळते, परंतु भक्कम धातूच्या पेटीत कोंडली तर दाब वाढत जातो आणि ती पेटीच बाँब बनते. शिट्टी बंद पडलेला कुकर आणि उघडे पातेले यांत जो फरक, तोच इथे आहे. लाकडी पेटी लवकर हार मानते, म्हणून ती सुरक्षित.

फ्रान्समध्ये ठासणीच्या प्रतिकृती शस्त्रांच्या सर्वांत सौम्य, म्हणजे 'डी' वर्गात येतात. दारू हा तिथे दीर्घकाळ सरकारचा मक्ता होता. १७७५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी दारू खात्याच्या संचालकांत रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता. कॅनडात चकमकीच्या किंवा तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या, लांब बंदुकीची नवी प्रतिकृतीही जुनी वस्तू मानली जाते, पण टोपीच्या बंदुकीच्या नव्या प्रतिकृतीला परवाना लागतो. त्यामुळे ठिणगी कशी पडते एवढ्यावरून ग्राहकाचा मार्ग बदलतो. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या राष्ट्रीय शस्त्र करारानुसार ठासणीच्या लांब बंदुका 'बी' वर्गात आहेत, म्हणजे परवाना आणि बंदूक बाळगण्याचे सबळ कारण दोन्ही लागते. जपानमध्ये तोड्याच्या जुन्या बंदुकीची नोंद कलावस्तू म्हणून प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे होते. ती उडवून दाखवण्यासाठी लागणाऱ्या दारूची परवानगी ही मात्र वेगळीच प्रक्रिया आहे.

इटलीचे स्थान या सगळ्यांत निराळे आहे. ब्रेशा शहराजवळच्या व्हाल त्रोंपिया खोऱ्यात आणि आसपास पेडेर्सोली, उबेर्ती, पिएत्ता या कंपन्या जगातल्या बहुसंख्य प्रतिकृती बनवतात, आणि सरकारमान्य चाचणीगृहही त्याच खोऱ्यातल्या गार्दोने येथे आहे. म्हणून युरोपात बंदुकीचा वाहतूक खर्च कमी पडतो. बंदूक एकदाच घ्यायची असते, दारू मात्र संपत राहते.

टोप्या अचानक कुठे गेल्या?

२०२० नंतर अमेरिकेत टोप्यांची मोठी टंचाई झाली आणि अनेकांना ती दारूच्या टंचाईपेक्षाही अधिक जाचक वाटली. टोपी आघाताने पेटते. आधुनिक काडतुसाच्या बुडात बसवलेले प्रायमरही आघातानेच पेटते. दोन्ही बनवणारे कारखाने बहुधा तेच असतात. काडतुसांची मागणी प्रचंड वाढली, तेव्हा कारखान्यांनी आपले मनुष्यबळ आणि रसायने अधिक खपणाऱ्या मालाकडे वळवली. ठासणीच्या बंदुकीवर परिणाम व्हायला ठासणीच्या बाजारात काही घडावे लागत नाही, हे त्यातून दिसले. वाहतुकीच्या दृष्टीने टोप्या बहुधा १.४ एस या सौम्य उपवर्गात येतात आणि दारूपेक्षा सुलभतेने प्रवास करतात, त्यामुळे ही टंचाई कायद्याची नव्हती, उत्पादनाची होती.

चकमकीची बंदूक वापरणाऱ्यांना ही झळ लागली नाही. इंग्लंडमधील ब्रँडन गावात घडवलेल्या काळ्या गारगोट्या आणि फ्रान्समधल्या मधाळ रंगाच्या गारगोट्या यांची ख्याती जुनी आहे. गारगोटीला परवाना लागत नाही, ती साध्या टपालाने येते.

मग पर्यायी दारू का वापरू नये?

हा आक्षेप रास्त आहे. १९७० च्या दशकात आलेली पायरोडेक्स आणि नंतरची ट्रिपल सेव्हन ही काळ्या दारूसारखा दाब देणारी, पण पेटायला अधिक कठीण अशी मिश्रणे आहेत. अमेरिकेत त्यांची वाहतूक व साठवण धूरविरहित दारूच्या सौम्य नियमांनी होते, म्हणून ती शिकारीचे साहित्य विकणाऱ्या सामान्य दुकानात मिळतात. पायरोडेक्स वजनाला हलकी असून मापाने भरतात, त्यामुळे एका पौंडातून अधिक बार निघतात आणि डबा महाग दिसला तरी बार महाग पडत नाही.

अडचण अशी, की जी वस्तू सहज पेटत नाही ती गारगोटीच्या ठिणगीनेही नीट पेटत नाही. चकमकीच्या वाटीत खरी दारूच लागते. पेनसिल्व्हेनियात हिवाळ्यात केवळ चकमकीच्या बंदुकांसाठी हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो; त्या शिकाऱ्यांना पर्यायाचा उपयोग नाही. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात वड्यांच्या रूपातली दारू चालत नाही, सुट्या दाण्यांचीच लागते. आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवणाऱ्या एमएलएआयसी या संघटनेच्या नियमांनुसार स्पर्धेत कारखान्यात बनलेली खरी काळी दारूच वापरावी लागते. जर्मनीत तर पर्यायी दारूलाही तीच परवानगी लागते, त्यामुळे तिथे हा वळसा घालून काही साधत नाही.

आधुनिक धूरविरहित दारू स्वस्त मिळते म्हणून ती ठासणीच्या बंदुकीत घालणे मात्र जिवावर बेतते. तिच्या दाबाला ती नळी बनवलेलीच नसते आणि ती हातात फुटते. खर्च वाचवण्याच्या नादात हे कोणीही करू नये.

शिसे स्वस्त, पण किती दिवस?

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि नेमबाज आपल्या गोळ्या घरीच साच्यात ओततात. अर्धा इंच व्यासाच्या नळीच्या रायफलीला लागणारी ०.४९० इंचाची गोळी सुमारे ११.५ ग्रॅम भरते, म्हणजे एका किलो शिशातून ८५ हून अधिक गोळ्या होतात. हा खर्चाचा सर्वांत हलका भाग होता. आता पर्यावरणाच्या नियमांनी तो बदलू लागला आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी वापरता येत नाही. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी व तिच्या आसपास शिशाचे छर्रे वापरण्यास बंदी आहे. पक्ष्यांना शिशाची विषबाधा होते, हे कारण खरे आहे आणि नेमबाजांनी ते नाकारू नये. परंतु शिशाचा मऊपणा ठासणीला आवश्यक असतो. कठीण धातूचे छर्रे जुन्या नळीला ओरखडे पाडतात, आणि पर्यायी मऊ धातू अनेक पटींनी महाग पडतात.

घरी बनवली किंवा सोबत आणली तर?

घटक साधे आहेत म्हणून दारू घरी करता येईल, असे अनेकांना वाटते. बहुतेक देशांत परवान्याविना स्फोटक बनवणे हा गुन्हा आहे, आणि युरोपीय संघात सोऱ्याच्या संशयास्पद खरेदीची माहिती विक्रेत्याने अधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, दारूच्या गिरण्यांचा इतिहास अपघातांनी भरलेला आहे, आणि ते अपघात जन्मभर हेच काम केलेल्या कुशल माणसांच्या हातून झालेले आहेत.

दुसऱ्या देशातून विमानाने सोबत आणण्याचा मार्ग तिथल्या बंदीमुळे बंदच आहे. त्यामुळे परदेशी स्पर्धेला जाणारा नेमबाज बंदूक, गोळ्या आणि गज घेऊन निघतो, आणि दारू मात्र यजमान देशात पोचल्यावर घेतो. घरी महिनोन्‌महिने ज्या दारूवर त्याने आपले माप ठरवलेले असते, ती तिथे मिळेलच असे नसते. मग सरावाच्या पहिल्या दिवशी तो नव्या डब्यातून दोन ग्रेन अधिक, दोन ग्रेन कमी असे माप घेत, प्रत्येक बारानंतर निशाणाकडे पाहत, त्या देशाच्या दारूशी आपली बंदूक जुळवत बसतो.